अप्रेंटिस घेतले, करसवलत कुठे मिळाली? आमच्या वर्कशॉपचा तीन वर्षांचा हिशेब

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपवर एक सल्लागार आले होते. हातात रंगीत पत्रक. ‘शिकाऊ उमेदवार घ्या, टॅक्स वाचवा, सरकार पगार देईल.’ दादा मशिनवर होता, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं माझ्या टेबलासमोर झालं. मी भागीदार आहे खरी, पण शॉपफ्लोअर दादाचा आणि कागद माझे अशी आमची वाटणी. करात किती सूट, कोणत्या कलमाखाली, असं विचारलं तर ते म्हणाले, ‘ते आम्ही बघतो ना मॅडम.’ फी मात्र आगाऊ हवी होती. चहा पाजला आणि पाठवलं. पण विषय डोक्यात राहिला, कारण टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, मिळत नव्हते. कोल्हापुरात फौंड्रीवाला असो नाहीतर मशिनशॉपवाला, कुणालाही विचारा, हेच रडगाणं ऐकायला मिळेल.

त्यानंतरची तीन वर्षं लिहून काढतेय. माझ्यासारखं कुणी ‘अप्रेंटिस टॅक्स बेनिफिट’ शोधत बसलं असेल तर त्याला निदान कुठे बघायचं ते कळावं.

सगळ्यात आधी सीएंकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत हवा काढली. म्हणाले, अप्रेंटिसला दिलेलं विद्यावेतन हा धंद्याचा खर्च, तो नफ्यातून वजा होणारच, जसं वीजबिल वजा होतं. ती काही सवलत नव्हे. कर्मचारी वाढवल्याबद्दल जादा वजावट देणारं आयकर कायद्यातलं कलम आहे ८०जेजेएए. त्यात नव्या कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम जादा वजा मिळते, तीही सलग ३ वर्षं. पण त्याची अट अशी की माणूस पीएफमध्ये हवा, आणि अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ लागू नाही. म्हणजे तो शिकत असेपर्यंत हे कलम त्याच्यासाठी नाही. ‘शिकवल्याबद्दल आयकरात काही नाही ताई,’ ते म्हणाले, ‘शिकवून ठेवून घेतलात तर आहे.’

तरी मी उमेदवार घ्यायचं ठरवलं, कारण करापलीकडचा हिशेबही बरा दिसत होता. पीएफ नाही, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची वर्गणी नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, केंद्र सरकार देतं. शिवाय वर्षभर मुलगा डोळ्यांसमोर राहतो. मुलाखतीत व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) नीट धरणारा पुढे कसा निघेल, ते वर्षभराने कळतं.

जूनमध्ये अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी केली. पॅन, जीएसटी, पीएफ कोड, फॅक्टरी लायसन्स, बँक खातं आणि एकूण मनुष्यबळ. या शेवटच्या रकान्यात घाई करू नका. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक, आणि ४ पेक्षा कमी असतील तर घेताच येत नाहीत. घ्यायचे तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. आमचे तेव्हा २७ होते, म्हणजे ४ पर्यंत घेता येणार होते. आम्ही ४ घ्यायचे ठरवले: दोन टर्नर, एक मशिनिस्ट, एक फिटर.

जागा मंजूर होण्याआधी आयटीआयच्या बीटीआरआय विभागातले, म्हणजे अप्रेंटिसांचं मूलभूत प्रशिक्षण बघणाऱ्या विभागातले, एक निदेशक शॉप बघून गेले. किती लेथ, किती मिलिंग, शिकवणार कोण. मला वाटलं होतं, कागद मागतील आणि जातील. ते सरळ आमच्या जुन्या टर्नर मामांपाशी जाऊन उभे राहिले आणि थ्रेडिंगबद्दल बोलायला लागले. मामा दोन तास खूष. जाताना निदेशक म्हणाले, ‘मुलं यांच्या हाताखाली द्या, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, लगेच उभी करू नका.’ दादाच्या मनात नेमकं उलटं होतं.

मुलं कळंब्याच्या शासकीय आयटीआयच्या मेळाव्यातून मिळाली. रांगेत उभ्या निम्म्या मुलांना एकच प्रश्न होता, ‘कायम करणार का?’ आम्ही खरं ते सांगितलं: आत्ता सांगता येत नाही, वर्षभराने बघू. काहीजण तिथूनच पुढच्या टेबलावर गेले. त्यात गैर काही नाही. अप्रेंटिसला नंतर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं आणि हे मुलांना पक्कं माहीत असतं.

दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तेव्हा किमान विद्यावेतन ८,०५० रुपये होतं. आम्ही ९,००० ठरवलं. दादा कुरकुरला, पण गडहिंग्लजकडून आलेल्या मुलाला खोलीभाडं आणि मेस भागवून हजार रुपये तरी उरायला नकोत का? सरकारी हिस्सा १,५०० धरला तर आम्हाला माणशी ७,५०० पडणार होते. त्याशिवाय सेफ्टी शूज, एप्रन, चौघांची अपघात नुकसानभरपाईची पॉलिसी आणि दुपारचं जेवण. पॉलिसी टाळू नका. अप्रेंटिस कायद्याने कामगार नसला तरी शॉपमध्ये इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते, आणि ईएसआयसी नसल्यामुळे मागे दुसरं कुणी उभं नसतं.

करार ऑनलाइन होतो. आपण ऑफर पाठवायची, मुलाने त्याच्या लॉगिनमधून स्वीकारायची, मग मंजुरी. कागदावर सोपं. प्रत्यक्षात एकाचं आधारवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळेना, आडनावात एका अक्षराचा फरक. दुसऱ्याचा आधारला जोडलेला मोबाइल त्याच्या मोठ्या भावाचा, आणि भाऊ पुण्यात. दर वेळी ओटीपी आला की पुण्याला फोन. यात जुलै संपला. चौघांचे करार १७ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाले, वर्षभरासाठी. ही तारीख पुढे महत्त्वाची ठरली, तेव्हा मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पहिले दोन महिने वाया गेल्यासारखे वाटतात, हे आधीच सांगून ठेवते. पंप हाऊसिंगचं बोअर करताना एका मुलाने फीड जास्त दिला आणि कास्टिंग गेलं. त्याचा चेहरा पांढराफटक. मामांनी ते कास्टिंग उचलून त्याच्याच बाकड्यावर ठेवलं, बोअरगेज त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘आता यावरच माप घ्यायला शीक, कुठं कुठं किती गेलंय ते खडूनं लिही.’ तो आठवडाभर डब्याच्या सुट्टीत त्या एका भंगार कास्टिंगची मापं घेत होता. आजही बोअरची अवघड जॉब दादा त्यालाच देतो.

दिवाळीआधी डिस्पॅचची घाई झाली तेव्हा चौघांनाही रात्रपाळीला घ्यायचं दादाच्या मनात आलं. मी नियम काढून दाखवला. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ प्रशिक्षणही नाही. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

पैशांचं म्हणाल तर विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बँकेतून गेलं पाहिजे. रोखीने देऊ नका, पुरावा उरत नाही. सरकारी हिश्श्याची पद्धत त्याच सुमारास बदलत होती. आधी मालकाने सगळं द्यायचं आणि नंतर परतावा मागायचा असं होतं. पुढे हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जायला लागला, त्या डीबीटीची औपचारिक सुरुवात ११ ऑगस्ट २०२३ ला झाली. या बदलात आमच्या एका मुलाचे पैसे बरेच महिने अडकले. कारण शोधलं तर त्याच्या खात्याला आधार जोडलेलं होतं, पण पैसे कोणत्या खात्यात वळवायचे याची एनपीसीआयकडची (बँकांमधले डिजिटल व्यवहार सांभाळणारी संस्था) नोंद शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या जुन्या खात्यावर होती. ते खातं बंद पडलेलं. मुलं कामावर आली की पहिल्याच आठवड्यात ही नोंद तपासून घ्या. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच.

चौघांपैकी फिटर मुलगा फेब्रुवारीत गेला. त्याला पोलीस भरतीची तयारी करायची होती. पोर्टलवरून करार संपुष्टात आणला. वाईट वाटलं, कारण चौघांत तोच हुशार होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये तिघांचं वर्ष भरलं. तिघांनाही ठेवायचं याबद्दल दादाचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालं. १ सप्टेंबरपासून नेमणूकपत्र, १६,५०० पगार. इथे मी सीएंना पुन्हा फोन केला आणि ८०जेजेएएचा विषय काढला. त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली.

तुम्हाला टॅक्स ऑडिट, म्हणजे आयकरासाठी सीएकडून हिशेबाची सक्तीची तपासणी, लागू आहे का? आम्ही कास्टिंग विकत घेऊन मशिनिंग करून विकतो, त्यामुळे उलाढाल १० कोटींच्या वर जाते आणि ऑडिट होतंच. पण हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला आधी विचारावा. आमच्या शेजारी जॉबवर्क करणारे एक काका आहेत. उलाढाल ४ कोटींच्या आसपास, सगळा व्यवहार बँकेतून, म्हणून ऑडिटची सक्ती नाही. त्यांनी आमच्याहून जास्त मुलं घडवली असतील, पण कलम फक्त ऑडिटवाल्यांना असल्यामुळे त्यांच्या पदरात शून्य. ज्याला खरी गरज, त्याला वगळणारा हा नियम मला आजही पटलेला नाही.

दुसरा प्रश्न, पगार महिना २५,००० च्या आत आहे ना? होता. बँकेतून जाणार ना? हो. पीएफमध्ये घेणार ना? इथे अडलं. तिघांपैकी एकाला पीएफ नको होता. ‘ताई, हातात कमी येतंय की!’ बरोबर आहे, १५,००० च्या मूळ पगारावर १,८०० कापले गेले की हातात पडणारा आकडा खाली येतो, आणि वर्षभर ९,००० वर काढलेल्या पोराला तो एकेक रुपया दिसतो. मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं की तेवढेच आम्हीही घालतो, त्यातला काही भाग पेन्शनला जातो, बाकीचं त्याच्या नावावर व्याजासकट जमतं. तरी तो ढिम्म. शेवटी मामांनी सांगितलं की त्यांच्या मुलीच्या लग्नात पीएफचाच अॅडव्हान्स कामी आला होता. मग ऐकलं.

तिसरा प्रश्न तारखेचा. माणूस त्या आर्थिक वर्षात किमान २४० दिवस कामावर हवा. १ सप्टेंबर ते ३१ मार्च मोजलं तर २०२३-२४ मध्ये, लीप वर्षाचा दिवस धरूनही, २१३ भरतात. म्हणजे त्या वर्षी वजावट नाही. तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं. पण २०१८ पासून कायद्यात सोय आहे: पहिल्या वर्षी दिवस कमी पडले आणि दुसऱ्या वर्षी २४० पूर्ण झाले, तर तो माणूस दुसऱ्या वर्षी नेमला असं धरतात. थोडक्यात, हक्क बुडत नाही, वर्षभर पुढे जातो. तुमचा करार अजून व्हायचा असेल तर तो जुलैच्या अखेरीला संपेल असा बेतावा. ऑगस्टच्या पहिल्या तीन-चार दिवसांत माणूस कायम झाला तर त्याच वर्षी २४० भरतात.

चौथं, माणसं खरोखर वाढली पाहिजेत. आदल्या वर्षाच्या ३१ मार्चला जितकी होती त्यापेक्षा संख्या वाढली नसेल तर वजावट शून्य. २०२४ च्या मे महिन्यात आमचे एक जुने ऑपरेटर निवृत्त झाले. त्यांची जागा रिकामी ठेवली असती तर तिघांची वाढ दोघांवर आली असती. तशीही माणसाची गरज होतीच, महिनाभरात भरली. पण हजेरीपट आणि पीएफचे महिन्याचे ईसीआर (कुणाचा किती पीएफ भरला त्याचं विवरण) एकमेकांशी जुळताहेत ना, हे मी तेव्हापासून दर ३१ मार्चला स्वतः बघते.

मधल्या काळात एक गंमत झाली. २७ अधिक ३ म्हणजे ३०. मुलांना कायम केल्यामुळे आम्ही ऐच्छिकमधून सक्तीच्या रांगेत आलो! आता अप्रेंटिस घेतले नाहीत तर कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने ५०० आणि पुढे १,००० रुपये महिना दंड. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये दुसरी तुकडी घेतलीच होती, त्यामुळे अडचण आली नाही. दादा मात्र ‘चांगलं काम केल्याची शिक्षा’ म्हणून आजही हसतो.

२०२५ चा सप्टेंबर आला. २०२४-२५ या वर्षासाठी पहिल्यांदा वजावट मागायची होती. त्यासाठी फॉर्म १०डीए लागतो. तो सीए तयार करून अपलोड करतात आणि मग फर्मच्या लॉगिनमध्ये जाऊन आपण स्वीकारायचा असतो. स्वीकारला नाही तर तो भरलाच गेला नाही. मुदत रिटर्नच्या तारखेच्या एक महिना आधी, म्हणजे एरवी ३० सप्टेंबर. त्या वर्षी ऑडिटची मुदत सप्टेंबरच्या शेवटी वाढवून मिळाली. पण सीए म्हणाले की वाढलेल्या मुदतीवर विसंबून सवलतीचा फॉर्म कधी थांबवायचा नाही. त्यांनी २३ तारखेला अपलोड केला, मी त्याच संध्याकाळी डिजिटल सही लावली. रिटर्नही मुदतीत गेलं पाहिजे, उशिरा भरलं तर ही वजावट मिळत नाही.

माझ्या फाईलमध्ये काय होतं: तिघांची नेमणूकपत्रं, अप्रेंटिस करार संपल्याचे कागद, बारा महिन्यांची पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट, पीएफ चलनं आणि दोन्ही ३१ मार्चच्या कर्मचाऱ्यांच्या याद्या. सीएंनी सगळ्यात जास्त वेळ त्या दोन याद्यांवर घालवला.

आता आकडे. तिघांचा वर्षाचा पगार ५,९४,०००. त्याच्या ३० टक्के म्हणजे १,७८,२००, इतकी जादा वजावट. भागीदारी फर्मला सेससह ३१.२ टक्के कर लागतो, त्या हिशेबाने साधारण ५५,६०० रुपये वाचले. हेच आणखी दोन वर्षं मिळेल, म्हणजे एकूण १ लाख ६६ हजारांच्या आसपास. पगार मुळात खर्च म्हणून वजा होतोच, ही त्याच्या वरची रक्कम. अप्रेंटिसशिपच्या वर्षात आमचा विद्यावेतन, जेवण, पॉलिसी आणि बिघडलेली कास्टिंग धरून जो खर्च झाला, तो यातून निघत नाही. कुणी तुम्हाला निघतो म्हणत असेल तर आकडे मागा. निघालं ते मशिनवर, कारण गेली दोन वर्षं आम्हाला बाहेरून टर्नर शोधावा लागलेला नाही.

एक गल्लत बरेचजण करतात म्हणून सांगते. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, जिला लोक लाडका भाऊ म्हणतात, ती वेगळी. तिथे राज्य सरकार विद्यावेतन थेट उमेदवाराला देतं, पण तो अप्रेंटिस कायद्याखालचा करार नसतो. पदविका आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्स ही आणखी तिसरी योजना आहे, तिथला सरकारी हिस्सा किमान विद्यावेतनाच्या निम्मा. आपल्याकडे येणारा मुलगा कोणत्या दारातून येतोय हे आधी ठरवा, कारण पोर्टल, कागद आणि पैसे तिन्ही ठिकाणी निराळे.

दुसऱ्या तुकडीतले दोघे जुलै २०२५ ला मोकळे झाले आणि १ ऑगस्टला रुजू झाले. ३१ मार्चपर्यंत २४३ दिवस, म्हणजे या खेपेला त्याच वर्षात बसतात. योगायोगाने १ ऑगस्ट २०२५ पासूनच प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना लागू झाली. १० ते २० हजारांच्या पीएफ पगारावर मालकाला माणशी महिना २,००० रुपये, आणि ५० पेक्षा कमी माणसं असलेल्यांनी किमान २ वाढवली पाहिजेत. आमचे नेमके दोन. त्यासाठी दोघांचाही यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढावा लागला. शॉपमधल्या उजेडात एकाचा चेहरा काही केल्या जुळेना, गेटबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला तेव्हा झालं. माणूस सहा महिने टिकला पाहिजे, मग पैसे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा ८०जेजेएए हे नाव घेऊन सीएंकडे जा, ते नवा क्रमांक सांगतील.